ईस्टरपर्यंत मिटलेलं पुस्तक

राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून घेताना लुईझाच्या मनात जे आलं ते तिनं तिथल्या तिथं देवाला बोलून टाकलं, आणि सगळा घोळ तिथंच झाला. त्या दिवसापासून ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात लोक मटण सोडतात, कुणी दारू सोडतो आणि ईस्टरपर्यंत बायकोचं डोकं खातो. लुईझानं घरात वाचत आणलेली रहस्यकथा सोडली. ईस्टरपर्यंत ते पुस्तक उघडणार नाही, त्यातली एक ओळ वाचणार नाही, पण तोवर माझ्या नवऱ्याला उचलू नकोस, असा तिचा नवस. सोडायचं तर जिवापाड आवडीचं सोडायचं, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. पण त्या पुस्तकात निम्मा वाटा नवऱ्याचा आहे, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही. निम्मा कसला, बारा आणे त्याचाच.

नवरा म्हणजे आलोशियस, सांडोर गावचा जुना वाडीवाला. जन्मभर आपल्या वाडीत केळी आणि पानवेली केल्या. साखरेनं आधी त्याचे डोळे नेले, मग किडन्या नेल्या. हृदयाला डायलिसिस झेपणार नाही असं सांगून डॉक्टरांनी त्याला घरी धाडलं. "घरी न्या आणि हवं ते खाऊ द्या," असं वर म्हणाले. हवं ते खाऊ द्या! ज्यांनी इतकी वर्षं साखरेचा दाणा तोंडात घालू दिला नाही, तेच आता हवं ते म्हणतात, तेव्हा काय समजायचं ते माणूस समजतोच. लुईझाला ते बोलणं शिवीसारखं लागलं. पोरबाळ नाही, वाडी पुतण्या बघतो, घरात ही दोघंच.

डोळे गेल्यापासून ती त्याला वाचून दाखवायची. फोर्टातल्या एका कंपनीत टायपिस्ट म्हणून तिनं जन्म काढलेला, त्यामुळं इंग्रजी हाताखालचं. सकाळी चहाबरोबर भक्तीचं पुस्तक. त्या दिवसाचं वचन, त्यावर थोडं चिंतन, शेवटी प्रार्थना. हे तिच्यासाठी. संध्याकाळी रोझरीची माळ जपून झाली की खून. हा त्याच्यासाठी. दोघांचा असा सरळ करार होता. चिंतन चालू असताना आलोशियस डास मारत बसायचा. खून चालू असताना लुईझा मधूनमधून "काय मेली माणसं तरी" असं पुटपुटायची आणि पानं मात्र भराभर उलटायची.

खूनसुद्धा कसले, अगदी सभ्य. स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडून आणलेली जाडजूड इंग्रजी पुस्तकं, वर मांजराचं आणि चहाच्या किटलीचं चित्र. आत रक्ताचा थेंब दिसायचा नाही. मेलेला माणूस गालिच्यावर नीट आडवा झालेला, पोलीस नुसते बघे, आणि गावातली एखादी चौकस विधवा केक भाजता भाजता खुनी शोधून काढणार. लुईझा इंग्रजीत वाचायची, मराठीत सांगायची आणि सांगता सांगता ते अख्खं गाव उचलून सांडोरला आणायची. आलोशियसला ती लांबलचक नावं लक्षात राहायची नाहीत. म्हणून चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी बाई झाली रीमा टीचर, माळी झाला जोएल, आणि घरोघर जॅमच्या बरण्या वाटत फिरणारी जाडी बाई झाली अँजेलिना. जॅमची झाली सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी. आता अँजेलिना म्हणजे त्यांची खरीखुरी शेजारीण, भिंतीला भिंत लागून घर. आपल्यावर खुनाचा संशय आहे हे त्या बिचारीच्या गावीही नव्हतं.

शेवटच्या प्रकरणाआधी पुस्तक मिटायचं, दोघांनी आपापला खुनी सांगायचा, आणि जो चुकेल त्यानं दुसऱ्या सकाळचा चहा करायचा, असा घरचा नियम. डोळे गेल्यावरही हरला की आलोशियस चाचपडत ओट्यापाशी जायचा. निम्मा चहा खाली सांडायचा, पण करायचा.

तर राखेच्या बुधवारच्या आदल्या संध्याकाळी ती दोघं नेमकी तिथवर आली होती. सुकेळीत विष कुणी घातलं? सगळे संशयित दिवाणखान्यात गोळा झाले, विधवेनं घसा खाकरला, आणि प्रकरण संपलं. आलोशियसनं अँजेलिनाचं नाव घेतलं, लुईझानं जोएलचं. "उद्या बघू," म्हणून तिनं पुस्तक मिटलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच चर्चमध्ये जाऊन नवस बोलून आली.

"उपास तू धरलास ना?" सगळं ऐकून घेतल्यावर आलोशियस म्हणाला. "मग मटन सोड, चहा सोड. माझा खून का सोडलास?"

"तुमच्यासाठीच बोललेय मी."

"मला इचारलंस?"

"आता देवाशी बोलताना तुम्हाला विचारायचं?"

"माझी वस्तू देतेस तर मला इचारायला नको? उद्या वाडी देऊन येशील."

एवढं बोलून त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. लुईझाचा राग नाकाच्या शेंड्यावर. तिनं ते पुस्तक उचललं आणि भिंतीवरच्या आल्तारावर मरियामातेच्या मूर्तीमागं नेऊन ठेवलं, म्हणजे हात लावायचा मोहच नको. मरियेच्या खांद्यावरून चित्रातल्या मांजराचे कान दिसत राहिले.

त्या दिवसापासून सकाळीही भक्तीचं पुस्तक आणि संध्याकाळीही भक्तीचंच. आजाऱ्यांसाठी चिंतन, दुःखितांसाठी चिंतन, आशेबद्दल चिंतन. लुईझा घसा कोरडा होईपर्यंत वाचायची. आलोशियस हूं की चूं करायचा नाही. पुढं पुढं तो डासही मारेनासा झाला. एकदा त्याच्या मनगटावर डास बसलेला, रक्त पिऊन टुम्म झालेला, आणि तो नुसता पडून होता.  वाचन अर्धवट टाकून लुईझानं स्वतः तो डास मारला आणि तिथंच बसून रडली.

मग खाणं सुटलं. अँजेलिना रोज दुपारी पेज घेऊन यायची, तिच्या हातची पेज त्याला पूर्वीपासून आवडायची. त्यानं तोंड फिरवलं. ती गेल्यावर लुईझाला म्हणाला, "तिच्या हातचं नको. इखाची बाटली तिच्याकडंच हाय."

लुईझा खळखळून हसली. किती दिवसांनी घरात कुणी हसलं होतं! पण संध्याकाळी तिनं स्वतः केलेलं सूपही त्यानं ओठाला लावलं नाही, दुसऱ्या दिवशी पुतण्यानं आणलेलं शहाळंही नाही, तेव्हा तिला कळलं. त्याला भूकच राहिली नव्हती, आणि आपल्याला ते कळू नये म्हणून त्यानं बिचाऱ्या अँजेलिनाला पुढं केलं होतं. पाय सुजून मुसळासारखे झाले. बोलता बोलता तो झोपायचा, झोपेत वाडीतल्या गड्यांना हाका मारायचा.

एका सकाळी तो चांगला शुद्धीवर होता. "लुई," तो म्हणाला, "सांगून टाक ना, कोन ते."

"मला तरी कुठं माहीत आहे?"

"मग बघ."

"ईस्टरला बघू."

"पुनव अजून लांब हाय गं," तो म्हणाला.

ईस्टर पुनवेच्या मागून येतो, आणि जन्मभर चांद बघून पानवेली लावलेल्या माणसाला पुनव कधी हे काय शिकवायचं? तो डोळे मिटून हिशेब करून बसला होता. आपण तिथवर पोचत नाही, हे त्याला ठाऊक होतं. लुईझा उठून मोरीत गेली, नळ सोडला, आणि पाण्याच्या आवाजात तोंडात पदर कोंबून ओरडली. देवा, मी काय कमी दिलं तुला? अजून काय देऊ? माझ्याकडं आता देण्यासारखं उरलंय तरी काय?

दुपारी अँजेलिनाला त्याच्यापाशी बसवून ती तडक फादर आग्नेलकडे गेली. फादर वयानं तिच्या भाच्याएवढे, नुकतेच या चर्चमध्ये आलेले. तिनं सगळं सांगितलं. मांजराच्या चित्रापासून सांगितलं.

फादरना हसू आलं असावं, पण त्यांनी ते गिळलं. "आंटी, एवढंच ना? मी तुम्हाला नवसातून मोकळं करतो. त्याऐवजी एक रोझरी म्हणा आणि खुशाल वाचा. आणि तसंही उपवासकाळात रविवारी उपास नसतो."

"मी देवाशी बोलले तेव्हा रविवार वगळले नव्हते, फादर."

"आंटी, देव असले सौदे करत नाही हो. तुम्ही पुस्तक वाचलंत म्हणून तो कुणाला नेत नाही, आणि नाही वाचलंत म्हणून ठेवतही नाही."

फादरनी हे अगदी मायेनं सांगितलं, आणि नेमकं तेच तिला सोसलं नाही. ती खुर्चीतून उठलीच.

"मग माझ्या हातात काय राहिलं, फादर? सांगा ना! डॉक्टरांनी हात वर केले. औषधं बंद केली. अन्न जात नाही. ही एकच गोष्ट मी धरून बसलेय, आणि तुम्ही म्हणता याचा काही उपयोग नाही. मग मी काय नुसतं बघत बसू?"

 उगाच काहीतरी बोलायचं नाही एवढी अक्कल त्या पोराला होती. ते म्हणाले, "संध्याकाळी मी तेल घेऊन येतो."

तेल म्हणजे आजाऱ्याच्या कपाळाला आणि हाताला लावायचं पवित्र तेल. जाणाऱ्या माणसालाच ते लावतात असं काही नाही, पण गावात फादर तेल घेऊन कुणाच्या दारात शिरले की शेजारचे आपोआप हळू बोलायला लागतात.

"कुणी बोलावलंय तुम्हाला?" लुईझा म्हणाली. "यायचं नाही." आणि फादरना नमस्कारही न करता निघाली. वाटभर ती स्वतःशी बडबडत होती. समोरून येणाऱ्या दोघीतिघींनी तिला हटकलं, पण तिनं कुणाकडं बघितलं नाही.

घराजवळ येईतो तिला एक युक्ती सुचली. काय म्हणावं या बाईला! पुस्तक उघडायचं नाही असा नवस ना? नाही उघडत. शेवट मनानंच सांगते. इतके खून वाचलेत, एक खुनी काय पकडता येत नाही? नवसही राहील आणि त्याचा जीवही शांत होईल.

तिनं अँजेलिनाला घरी धाडलं, खाटेशेजारी स्टूल ओढलं आणि मांडीवर भक्तीचं पुस्तक उघडून बसली, म्हणजे त्याला पुस्तक उघडल्याचा आवाज यावा.

"अहो, ऐकताय ना? वाचते शेवट."

आलोशियसनं मान वळवली. किती दिवसांनी ते तोंड भिंतीकडून तिच्याकडे आलं! लुईझानं सुरुवात केली. विधवेनं सगळ्यांकडे एकदा बघितलं. जोएल माळ्याच्या बुटांना चिखल होता, पण तो चिखल तळ्याकाठचा. रीमा टीचर त्या वेळी ऑर्गन वाजवत होत्या, ते साऱ्या गावानं ऐकलं. मग सुकेळीची पुडी बांधायची ती विशिष्ट गाठ कुणाला येते? लुईझा रंगात आली, हात नाचवायला लागली, विधवेचा आवाज काढला. "आणि मग विधवा वळली आणि म्हणाली, अँजेलिना, तूच!"

आलोशियस ऐकत राहिला. 

"जिंकलात तुम्ही," ती म्हणाली. "उद्याचा चहा माझ्याकडे."

"लुई."

"काय?"

"येवडं सगळं सांगितलंस, पन एक पान नाय उलटलं."

लुईझानं खाली बघितलं. मांडीवरच्या पुस्तकात आशेबद्दलचं चिंतन उघडं पडलेलं होतं.

"आनि मला येवड्या सहज जिंकू देनारी बाई तू नव्हंस," तो म्हणाला. "खरं वाच ना गं."

"नाही वाचत!" ती ओरडलीच. "वाचलं तर तुम्ही जाल."

इतक्या दिवसांत त्या घरात हे कुणी उच्चारलं नव्हतं. डॉक्टर बोलले नव्हते, पुतण्या नाही, अँजेलिना नाही. लुईझानं स्वतःच्या तोंडावर हात दाबला, पण आता काय उपयोग?

आलोशियसनं हात पुढं केला आणि हवेत चाचपडत तिचा गुडघा शोधला. "नाय वाचलं तरी जानार हाय मी," तो म्हणाला. "मग कोन ते कळून तरी जाऊ दे."

ती रडली. मोठ्यानं, लाज सोडून, नाक पुसायचंही भान न ठेवता रडली. त्यानं तिचा गुडघा सोडला नाही. मग ती उठली. आल्तारापाशी गेली. इतके दिवस ती त्या पुस्तकाला धरून होती, आणि ते हातात घेतलं की हातातलं बाकी सगळं सुटणार, हे तिला पक्कं कळत होतं. मरियेच्या तोंडाकडं तिनं रागानं बघितलं. "तुलाही मुलगा ठेवता आला नाही," ती म्हणाली. "तुला कळेल." आणि मूर्तीमागून पुस्तक ओढून काढलं.

ती वाचायला लागली. हळू हळू वाचत होती, प्रत्येक वाक्य जमेल तितकं लांबवत होती, आणि पान आलं की बोटाला थुंकी लावून त्याच्या कानापाशी मोठ्यानं उलटत होती. जोएल सुटला. बरण्या वाटणारी अँजेलिना पण सुटली. आणि शेवटी विधवेनं बोट दाखवलं ते रीमा टीचरकडं.

"रीमा टीचर?" आलोशियस म्हणाला. "ती तर ऑर्गन वाजवत व्हती."

"टेप लावून ठेवली होती बाईनं."

"पन मारलं कशाला?"

"तो मेलेला माणूस चर्चमधला जुना ऑर्गन काढून टाकणार होता. नवा कीबोर्ड आणणार होता. हिनं जन्मभर तोच वाजवलेला."

आलोशियसनं थोडा विचार केला. "मग बरोबर," तो म्हणाला. आणि मग त्याच्या छातीतून घरघर आल्यासारखा आवाज आला. लुईझा घाबरून उभी राहिली. तो हसत होता. "लुई, दोगंबी हरलो."

"हरलोच," ती म्हणाली.

"मग चहा कोन करनार?"

तेवढ्यात मागच्या दारानं अँजेलिना आत आली, हातात झाकलेली पेजेची वाटी. लुईझाचं रडणं भिंतीपलीकडं ऐकू गेलं असणार. तिला वाटलं होतं, संपलं सगळं. इकडं बघते तो दोघं हसताहेत.

"ये बाय, ये," आलोशियस म्हणाला. "तू सुटलीस."

"कशातून?"

"खुनातून. आन इकडं ती पेज."

अँजेलिनानं लुईझाकडं बघितलं. लुईझानं नुसती मान हलवली. दोघींनी त्याला उशीला टेकवून बसवलं. तीन चमचे पेज त्यानं घेतली, चौथा ओघळला. लुईझा बघत राहिली आणि मेलं ते वेडं मन लगेच धावलं, म्हणजे बघा, नवस मोडला आणि हा खायला लागला, म्हणजे कदाचित, म्हणजे पुनवेपर्यंत कदाचित. मग तिनं त्याच्या पायांकडं बघितलं आणि ते मन तिथल्या तिथं आवरलं. चहा अँजेलिनानं केला. खुनाचा आळ काय होता ते ऐकून तिनं लुईझाला चांगलं फैलावर घेतलं, आणि आलोशियस मिटल्या डोळ्यांनी ते भांडण चवीनं ऐकत पडला.

दिवेलागणीला फाटक वाजलं. फादर आग्नेल बाहेरच उभे होते, आत यावं की नाही अशा विचारात. लुईझा स्वतः गेली आणि फाटक उघडलं. "या," म्हणाली.  फादरनी आलोशियसच्या कपाळाला आणि तळहातांना तेल लावलं, प्रार्थना म्हटल्या. लुईझानं सगळ्या प्रार्थनांना आमेन म्हटलं. एकदाही तिचा आवाज कापला नाही.

फादर गेले, अँजेलिना गेली. रोझरी झाली. आलोशियसला झोप लागली असं समजून लुईझा दिवा कमी करायला उठली.

"लुई, नवं हाय का घरात?"

"काय नवं?"

"पुस्तक."

होतं. रद्दीवाल्यानं दोन पुस्तकं एकदमच दिली होती. कपाटातून तिनं दुसरं काढलं. पहिल्याहून जाड. यावरही मांजर होतंच, यात मात्र ते खिडकीत बसलेलं. बोटानं तिनं पानांची जाडी दाबून बघितली. एवढं पुस्तक दोघांचं मिळून वाचून होणार नाही, हे त्यालाही कळत होतं आणि तिलाही. ती स्टुलावर बसली, चष्मा पुसला, आणि पुस्तकाचा कणा मोडेपर्यंत ते उघडलं, त्याला ऐकू जावं म्हणून.

"कोन मेलं?" आलोशियसनं विचारलं.

"थांबा हो जरा," ती म्हणाली. "पहिलंच पान आहे. अजून कुणी मेलेलं नाही."